‘व्हॉट्सॲप कर’मध्ये क्रियापद कुठलं?

सिनॉप्सिसचा पहिला मसुदा घेऊन सरांकडे गेले तेव्हा शीर्षक पक्कं झालेलं होतं : ‘समाजमाध्यमांच्या ब्रँडनावांचं क्रियापदांत रूपांतर : मराठीचा अभ्यास’. मला ते फार आवडलं होतं. सरांनी पहिलं पान वाचलं. त्यावरच्या पहिल्याच उदाहरणाखाली, ‘मला व्हॉट्सॲप कर’, पेन्सिलने रेघ ओढली आणि विचारलं, “यात क्रियापद कुठलं?”

मी म्हणाले, “व्हॉट्सॲप.”

“मग ‘कर’ इथे कशाला आलाय?”

उत्तर नव्हतं. शाळेत सहावीत शिकलेली गोष्ट होती, वाक्याचा शेवट बघायचा आणि क्रियापद ओळखायचं. ‘कर’ हे क्रियापद आहे, ‘व्हॉट्सॲप’ नाही. म्हणजे शीर्षकातला दावाच पहिल्या उदाहरणात कोसळला. आणि हे मार्गदर्शकाच्या खोलीत झालं म्हणून बरं, समितीपुढे झालं असतं तर विषय तिथेच परत आला असता.

हा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे. तुमच्यापैकी जे आता पेटची तयारी करताय, विषय शोधताय, त्यांना कदाचित विषयापेक्षा तो प्रश्न कसा सुटत गेला (आणि कुठे अजून सुटलेला नाही) हे जास्त उपयोगी पडेल.

आधी माझी चूक कुठून आली ते सांगते. या विषयावर मी वाचलेलं जवळपास सगळं इंग्रजीबद्दल होतं. इंग्रजीत नामाला काहीही न जोडता क्रियापदाच्या जागी बसवता येतं. ‘गुगल’ हे नाव घ्या, त्याला भूतकाळाचा ‘-ड’ लावा, चालू काळाचा ‘-इंग’ लावा, झालं क्रियापद. कंपनीचे संस्थापक लॅरी पेज यांनीच जुलै १९९८ मध्ये एका ईमेलमध्ये ते ‘-इंग’ लावून वापरलं होतं, कंपनीची रीतसर नोंदणी व्हायच्याही आधी. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २००२ चा सर्वांत उपयुक्त शब्द म्हणून या क्रियापदाला निवडलं आणि २००६ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ते आलं. ‘ट्वीट’चं तर आणखी लवकर झालं. त्याच सोसायटीने २००९ चा शब्द म्हणून ते निवडलं आणि जून २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशात त्याचा समाजमाध्यमांतला अर्थ आला. शब्द दहा वर्षं तरी वापरात असावा हा त्यांचा संकेत, तो या वेळी मोडल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं.

यात कुठेही ‘हे क्रियापद झालंय का?’ असा प्रश्नच येत नाही. प्रत्यय लागलेला डोळ्यांना दिसतो. त्यामुळे त्या सगळ्या लेखांत ‘क्रियापद होणं’ हे गृहीत धरलेलं असतं आणि पुढची चर्चा चालते. मी तेच गृहीतक उचलून मराठीत आणलं. मराठीत प्रत्यय कशाला लागतो? ‘कर’ला. केला, केली, केलंय, करेन, करायचा. ‘व्हॉट्सॲप’ आपलं जसंच्या तसं शेजारी उभं. ‘मी तुला व्हॉट्सॲपलं’ असं मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मग मला वाटलं, मराठीला नामापासून क्रियापद करताच येत नाही की काय. तेही खरं नाही. व्याकरणाच्या पुस्तकांत यांना नामधातू म्हणतात. हात या शब्दापासून हाताळणे, लाथेपासून लाथाडणे, पाण्यापासून (डोळे) पाणावणे. बरं, हे फक्त घरच्या शब्दांचं नाही. ‘बदल’ अरबीतून आला, ‘कबूल’ही तिकडचाच. त्यांना आपण सरळ ‘-णे’ लावून बदलणे, कबूलणे असे धातू केले. म्हणजे बाहेरच्या शब्दाला मराठी धातू बनवणं आपल्या भाषेला पूर्वी जमलेलं आहे.

इंग्रजी शब्दांच्या बाबतीत मात्र भाषेने दुसरा दरवाजा उघडा ठेवला. फोन करणे, टाइप करणे, सेव्ह करणे, फॉरवर्ड करणे. यातली गंमत बघा. ‘टाइप’, ‘सेव्ह’, ‘फॉरवर्ड’ हे इंग्रजीत वापरताना क्रियापदंच आहेत. मराठीत येताना त्यांचं क्रियापदपण दारात काढून ठेवलं जातं आणि ते ‘करणे’च्या आधाराने आत येतात. म्हणजे मूळ क्रियापद असो की नाम की ब्रँड, सगळ्यांना एकच गेट. त्यामुळे ‘व्हॉट्सॲप करणे’ ही रचना मिळाली यावरून व्हॉट्सॲपबद्दल विशेष काहीच सिद्ध होत नाही. माझ्या मसुद्यात अशी पन्नासएक उदाहरणं गोळा केलेली होती. ती सगळी एकच गोष्ट सांगत होती, आणि ती गोष्ट ‘करणे’बद्दलची होती.

अशा ‘करणे’ला भाषाविज्ञानात हलकं क्रियापद म्हणतात. हा शब्द ओटो येस्पर्सन यांनी १९४२ मध्ये इंग्रजीसाठी वापरला. आपल्याकडच्या भाषांसाठी मला खरा उपयोग झाला तो तारा मोहनन यांच्या हिंदीवरच्या (१९९४) आणि मिरियम बट यांच्या उर्दूवरच्या (१९९५) पुस्तकांचा. विषय ब्रँडचा नसला तरी ही पुस्तकं वाचा. शेजारच्या भाषेवर झालेलं काम इंग्रजीवरच्या दहा लेखांपेक्षा जास्त कामाला येतं, कारण त्यात विचारलेले प्रश्न आपल्या भाषेला लागू पडतात.

तिथून मला सापडलेली गोष्ट अशी : प्रश्न ‘व्हॉट्सॲप क्रियापद आहे का’ असा विचारायचाच नाही. ‘करणे’शेजारी उभा असलेला शब्द अजून स्वतंत्र वस्तू आहे, की ‘करणे’त मिसळून दोघांची मिळून एक क्रिया झालीय, असा विचारायचा. आणि याचं उत्तर मराठी फुकट देते, ‘केला-केली-केलं’च्या शेवटच्या स्वरात.

दोन वाक्यं घ्या.

मी दाखल्याची झेरॉक्स काढली.

मी दाखला झेरॉक्स केला.

दुसरं वाक्य कमी ऐकू येतं, पण येतं. पहिल्यात क्रियापद ‘काढली’ आहे. कोणाशी जुळलं? झेरॉक्सशी, कारण झेरॉक्स स्त्रीलिंगी. दाखला बिचारा ‘दाखल्याची’ होऊन झेरॉक्सच्या मागे गेलाय. इथे झेरॉक्स धडधडीत वस्तू आहे. तिला विशेषण लावता येतं (स्वच्छ झेरॉक्स काढ), मोजता येते (दोन झेरॉक्स काढ). दुसऱ्या वाक्यात ‘केला’ हे दाखल्याशी जुळलंय. झेरॉक्सच्या लिंगाची दखलच घेतली गेली नाही. आणि आता मोजून बघा : ‘दाखला दोन झेरॉक्स कर’. अडखळलात ना? झेरॉक्स वस्तू राहिलेलीच नाही, ती ‘कर’चा भाग झालीय.

हे काही मोबाइल आल्यावर सुरू झालेलं नाही. ‘तिने पैशांची चोरी केली’ यात चोरी वस्तूच्या जागी आहे. ‘तिने श्लोक पाठ केले’ यात ‘केले’ श्लोकांशी जुळतं, पाठ कुठल्या लिंगाचा हे कुणी विचारत नाही. दोन्ही साचे जुने, आपले. नवे शब्द यातल्या कुठल्या साच्यात पडतात, एवढाच प्रश्न.

आता समाजमाध्यमांकडे. ‘तिने यादी व्हॉट्सॲप केली.’ ‘त्याने पत्ता व्हॉट्सॲप केला.’ ‘फोटो व्हॉट्सॲप केलेत.’ क्रियापद यादी, पत्ता, फोटो यांच्यामागे फिरतंय. म्हणजे इथे व्हॉट्सॲप दाखल्याच्या दुसऱ्या वाक्यातल्या झेरॉक्ससारखं आहे, मिसळलेलं. गुगलही तसंच : रेसिपी गुगल केली, अर्थ गुगल केला.

पण ‘तुला एक भलामोठा व्हॉट्सॲप केलाय, वाच’ यात? इथे व्हॉट्सॲप म्हणजे मेसेज. विशेषण लागलं, ‘एक’ लागला, पुल्लिंग मिळालं. तोच शब्द, तेच ‘करणे’, पण साचा वेगळा. एकच माणूस सकाळी हे बोलतो आणि दुपारी ते. म्हणून ‘व्हॉट्सॲप हे क्रियापद झालंय’ असं एका दमात म्हणता येत नाही. कुठल्या वाक्यात, ते सांगावं लागतं.

या चाचणीत दोन खड्डे आहेत. मी दोन्हींत पडलेय, म्हणून सांगते. पहिला : ‘तुला व्हॉट्सॲप केलंय बघ.’ इथे ‘केलं’ नपुंसकलिंगी का? एक शक्यता, व्हॉट्सॲप हे ॲप म्हणून नपुंसकलिंगीच आहे (नवीन व्हॉट्सॲप आलं) आणि क्रियापद त्याच्याशी जुळलं. दुसरी, जुळायला कोणीच नाही म्हणून मराठी अशा वेळी जे सवयीने वापरते ते नपुंसकलिंग आलं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. असं वाक्य पुरावा म्हणून शून्य किमतीचं, आणि माझ्या संग्रहातली जास्तीत जास्त वाक्यं नेमकी अशीच होती. दुसरा खड्डा ‘-ला’चा. ‘मी त्या हिरोइनला गुगल केलं.’ कर्माला ‘-ला’ लागला की क्रियापद त्याच्याशी जुळणं सोडून देतं, मग चाचणी चालत नाही. म्हणून उदाहरण घेताना कर्म निर्जीव हवं, ‘-ला’शिवाय हवं, आणि पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी हवं. यादी, पत्ता, रेसिपी, निकाल. आधार कार्ड नको, ते नपुंसकलिंगी. चाचणी कुठे चालते यापेक्षा ती कुठे गप्प बसते हे आधी लिहून काढलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते.

आता दुसरी गोष्ट, जी मला व्याकरणाइतकीच महत्त्वाची वाटते. ब्रँडचं नाव क्रिया झालं म्हणजे ते ब्रँडचं राहिलं नाही, असं आपण पटकन म्हणतो. कंपन्यांनाही तीच भीती. ट्रेडमार्क सर्वसामान्य शब्द झाला तर कायद्याचं संरक्षण जाऊ शकतं. अमेरिकेत एस्केलेटर हे नाव १९५० मध्ये असंच गेलं आणि थर्मॉस १९६३ मध्ये. म्हणून क्रियापद दिसलं की कंपन्या बिथरतात. स्वीडनच्या भाषामंडळाने नव्या शब्दांच्या यादीत ‘गुगलून न सापडणारं’ अशा अर्थाचा एक शब्द घेतला होता. गुगलने त्याच्या व्याख्येवर आक्षेप घेतल्यावर २०१३ मध्ये मंडळाने तो शब्दच यादीतून काढून टाकला, आपली नाराजी जाहीर नोंदवून. शब्द लोकांच्या तोंडून काढणं मात्र कुणाच्याच हातात नव्हतं.

पण क्रियापद होणं आणि सर्वसामान्य होणं हे एकच आहे का? अमेरिकेत नेमका हा वाद कोर्टात गेला. २०१२ मध्ये एकाने ‘गुगल’ हा शब्द असलेली ७६३ डोमेन नावं घेतली. कंपनीने ती हिसकावून घेतल्यावर प्रकरण कोर्टात आलं. तिथे युक्तिवाद असा होता की लोक ‘गुगल’ क्रियापद म्हणून वापरतात, म्हणजे ट्रेडमार्क संपला. अपील न्यायालयाने २०१७ मध्ये तो फेटाळला. क्रियापद वापरताना माणसाच्या मनात एखादं विशिष्ट सर्च इंजिन असू शकतं किंवा कुठलंही, त्यामुळे नुसत्या क्रियापदावरून काही ठरत नाही. शिवाय प्रश्न नेहमी ठरावीक वस्तूच्या किंवा सेवेच्या संदर्भात विचारायचा, इथे तो इंटरनेटवरच्या सर्च इंजिनच्या संदर्भात.

हा निकाल वाचताना माझ्या डोक्यात आपल्या गल्लीतली झेरॉक्सची दुकानं आली. पाटीवर झेरॉक्स, आत मशीन दुसऱ्याच कंपनीचं, आणि दुकानदाराला यात काही विसंगत वाटत नाही. झेरॉक्सइतकं आपल्या मूळ कंपनीपासून सुटलेलं नाव मराठीत शोधून काढावं लागेल. आणि व्याकरणात? बहुतेक वेळा ‘झेरॉक्स काढली’. वस्तू! म्हणजे जे नाव सगळ्यांत जास्त सर्वसामान्य झालं ते मराठीत प्रामुख्याने नामच राहिलं. उलट व्हॉट्सॲप बघा. ‘यादी व्हॉट्सॲप केली’ यात व्हॉट्सॲप ‘करणे’त पूर्ण विरघळलंय, पण यादी टेलिग्रामवरून पाठवली तर कुणी ‘व्हॉट्सॲप केली’ म्हणणार नाही. म्हटलं तर समोरचा चुकीच्या ॲपमध्ये शोधत बसेल. व्याकरणात क्रिया, अर्थात पक्का ब्रँड. ‘फोटोशॉप करणे’ दोन्हीकडे गेलंय : ‘हा फोटो फोटोशॉप केलाय’ म्हणणाऱ्याला तो कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केलाय याच्याशी काही घेणं नसतं. थोडक्यात या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. मी त्या एकच धरून चालले होते, आणि माझ्या शीर्षकातल्या ‘रूपांतर’ या शब्दाखाली दोन्ही झाकल्या गेल्या होत्या.

मग सगळीच नावं का मिसळत नाहीत? ‘मला व्हॉट्सॲप कर’ लगेच कळतं. ‘मला इन्स्टाग्राम कर’? म्हणजे नक्की काय करू? फॉलो करू, मेसेज टाकू, फोटोत टॅग करू? इन्स्टा, फेसबुक, यूट्यूब ही मराठीत मुख्यतः जागा आहेत, ‘-वर’ लागणाऱ्या : इन्स्टावर टाक, फेसबुकवर लिही, यूट्यूबवर बघ. (गुगलला मात्र आपण माणूसही केलंय. ‘गुगलला विचार’ म्हणतो. इन्स्टाला कोणी काही विचारत नाही.)

याचं स्पष्टीकरण मला ईव्ह क्लार्क आणि हर्बर्ट क्लार्क यांच्या १९७९ च्या लेखात मिळालं. तेव्हा समाजमाध्यमं सोडा, घरात संगणकही क्वचितच असायचे. त्यांचं म्हणणं साधारण असं : नामाचं नवं क्रियापद तेव्हाच चालतं, जेव्हा बोलणाऱ्याला खात्री असते की दोघांच्या सामायिक माहितीच्या जोरावर ऐकणारा नेमकी एकच क्रिया ओळखेल. व्हॉट्सॲपचं मुख्य काम एक, कुणाला तरी काहीतरी पाठवणं. गुगलचं काम शोधणं. फेसबुकवर एक मुख्य कामच नाही, म्हणून तिथे कामागणिक शब्द आले : लाइक, शेअर, टॅग, ब्लॉक, अनफ्रेंड. ब्रँडला क्रिया व्हायला जागाच उरली नाही.

त्याच लेखात आणखी एक कल्पना आहे, जागा आधीच अडलेली असण्याची. इंग्रजीत उन्हाळा घालवण्याला ‘समर’ हे नामच क्रियापद म्हणून चालतं, पण वसंत ऋतूचं ‘स्प्रिंग’ चालत नाही, कारण त्या उच्चाराचं उडी मारणे या अर्थाचं क्रियापद आधीच तिथे बसलेलं आहे. हे वाचून मला लॉकडाउनमधल्या तासिका आठवल्या. झूम तर सगळ्यांच्या तोंडी होतं, आणि काम एकच, बैठक. क्लार्कद्वयीच्या पहिल्या अटीप्रमाणे ‘उद्या सातला झूम करू’ सर्रास व्हायला हवं होतं. पण माझ्या आजूबाजूला ‘झूमवर भेटू’, ‘झूमची लिंक टाक’ हेच चालायचं. माझा अंदाज, ‘झूम कर’ची जागा फोटो मोठा करून बघण्याने अडवली होती. अंदाजच आहे. सिद्ध करायचा तर ज्यांना कॅमेऱ्यातला झूम माहीत नाही असे लोक शोधावे लागतील, आणि ते आता कुठून आणू?

आता थोडं सामग्री गोळा करण्याबद्दल, कारण इथे कुणी काही सांगत नाही आणि वेळ इथेच जातो.

मराठी मजकुरात व्हॉट्सॲप शोधायला गेले तर आकडे विचित्र यायला लागले. एका शोधात भरपूर वाक्यं, दुसऱ्यात जवळजवळ काहीच नाही, आणि शब्द तर तोच टाइप केलेला. कारण असं निघालं की ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, युनिकोडमध्ये त्याला मिळालेलं स्वतंत्र अक्षर. हे २००८ च्या आवृत्तीत आलं. दोन, ‘अ’ आणि त्यावर वेगळा चंद्र. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. त्यात व्हाट्सअप, वॉट्सअप, व्हॉट्सॅप. शिवाय रोमन लिपीत लिहिलेली मराठी, तिथे तर ज्याची त्याची लिपी. मोजणी करणार असाल तर आधी रूपांची यादी करा, नंतर मोजा. मी उलट केलं आणि सगळं पुन्हा मोजावं लागलं.

दुसरं, लोकांना सरळ विचारू नका. ‘तुम्ही “यादी व्हॉट्सॲप केली” असं म्हणता का?’ या प्रश्नाला माझ्या आईने ठामपणे ‘नाही, शी!’ म्हटलं. संध्याकाळी फोनवर मावशीला सांगत होती, “यादी व्हॉट्सॲप केलीय तुला, बघून घे.” ती खोटं बोलली नव्हती. विचारल्यावर माणूस आपण कसं बोलायला हवं ते सांगतो. म्हणून आता मी चित्रं दाखवते आणि अर्धं वाक्य देते : ‘काल तिने मला पत्ता व्हॉट्सॲप के…’ पुढचा स्वर त्यांनी भरायचा. त्यांचं लक्ष चित्रावर असतं, माझं त्या एका स्वरावर.

तिसरी गोष्ट सांगायला मला आवडत नाही. सुरुवातीला मी आमच्या घरच्या ग्रुपवरची वाक्यं सरळ उचलली होती. घरचाच ग्रुप, कुणाला काय विचारायचं, असं वाटलं. विभागातल्या एका सादरीकरणात मी स्लाइडवर एक वाक्य टाकलं, नाव काढून : ‘रिपोर्ट व्हॉट्सॲप केलेत, आजच दाखव त्यांना.’ चाचणीसाठी सुरेख वाक्य, ‘रिपोर्ट’ आणि ‘केलेत’ची जुळणी अगदी स्पष्ट. चहाच्या वेळी एका मैत्रिणीने हळूच विचारलं, “काकूंची तब्येत बरी आहे ना?” तिला आमचं घर माहीत होतं. काकूंनी ती गोष्ट घराबाहेर कुणालाच सांगितलेली नव्हती. मी त्या रात्री त्यांना फोन करून सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. तेव्हापासून ग्रुपमधलं वाक्य घ्यायचं तर ज्याने लिहिलं त्याची लेखी परवानगी घेते, आणि तरीही वाक्यातली वस्तू बदलते. रिपोर्टच्या जागी फोटो. जुळणी तीच राहते. जुनी वाक्यं मी पुसून टाकली, त्यात संग्रह निम्म्यावर आला.

सिनॉप्सिसचं शीर्षक आता ‘मराठीतील “ब्रँडनाव + करणे” रचनांतील लिंग-वचन जुळणी’ असं आहे. पहिल्यासारखं टाळ्या घेणारं नाही. समितीने दोन प्रश्न विचारले आणि पास केलं.

आणि सध्या अडलेय कुठे, तर एका शब्दापाशी : ‘गुगलून’. एवढं सगळं ‘करणे’च्या गेटबद्दल बोलले, पण ‘जरा गुगलून बघ’ हे लोक लिहितात, बोलतात. इथे ‘करणे’ नाही. ‘-ऊन’ सरळ गुगलला लागलाय, बदलून, ढकलून यांसारखा. म्हणजे हा खराखुरा मराठी धातू. पण ‘मी रोज गुगलतो’, ‘तिने रेसिपी गुगलली’ मला फारच क्वचित सापडतं, आणि सापडलं तर चेष्टेत. फक्त ‘-ऊन’लाच एवढी मोकळीक का?

एक शक्यता, ‘-ऊन’ला लिंगवचनाची कटकट नाही. कुणाशी जुळायचं नसल्यामुळे नव्या शब्दाला तिथून शिरणं सोपं. दुसरी शक्यता उच्चाराची. गुगल हा शब्दच मुळात बदल, ढकल, उचल, उकल यांच्या रांगेत बसणारा आहे, त्यामुळे कानाला तो धातूच वाटतो. व्हॉट्सॲपला अशी रांग नाही. पहिली शक्यता खरी असेल तर ‘व्हॉट्सॲपून’सुद्धा कुठेतरी दिसायला हवं. दुसरी खरी असेल तर ‘ट्वीट’चं बघायला हवं, कारण त्याला मिटणे-पिटणेची रांग तयार आहे, ‘ट्विटलं’, ‘ट्विटतो’ ही पूर्ण रूपं निदान चेष्टेत तरी यायला हवीत. पण जुलै २०२३ मध्ये ट्विटरचं एक्स झालं, आणि ज्या शब्दावर चाचणी करायची त्याच्या पायाखालचं नावच गेलं. बातम्यांत अजून ‘ट्वीट केलं’ दिसतं, शेजारी ‘एक्सवर पोस्ट केली’ही दिसतं. एक्सचं काही ‘एक्सून’ होणार नाही, एवढं मी आजच लिहून देते. २०२३ च्या आधीचा मजकूर वेगळा काढून ‘ट्विट-’ची सगळी रूपं शोधणं चालू आहे, दोन्ही प्रकारच्या ऱ्हस्व-दीर्घासह.